सुट्टीचं मतदान

नाशिक, मंगळवार, ८ जुलै २०२५

राखी,

दचकू नकोस, हे खरंच पत्र आहे. कागदावरचं. तिकीट कुठल्या कोपऱ्यात लावायचं ते मी पोस्टातल्या काकांना विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चमचा कुठल्या हातात धरायचा ते विचारतेय.

आयडिया माझी नाही, तुझ्या आईची. रविवारी मी तुमच्या घरी गेले होते. मला वाटलं मावशी दारातूनच परत पाठवतील, पण त्यांनी आत घेतलं, पोहे केले आणि मग विचारलं, "राखीने तुला फोनवर बंद केलंय ना?"

मी म्हटलं, "हो. सगळीकडे. पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर पण. मी एक रुपया पाठवून त्याच्याखाली सॉरी लिहिणार होते."

"मग पत्र टाक की. पोस्टमनला कोण बंद करणार?"

आणि हरसूलचा पत्ता स्वतः सांगितला. तू आता शिकवतेस त्या शाळेचं नाव, तुझ्या खोलीच्या मालकाचं नाव, पिनकोड. त्यामुळे पत्ता कुणी दिला म्हणून चिडायचंच असेल तर घरीच चीड.

मराठीत लिहितेय. हसू नकोस. कॉन्व्हेंटच्या पोरीचं मराठी जसं बोलते तसंच येणार. पण तू म्हणायचीस ना, "तुझ्या इंग्रजीत तू नसतेस, ब्रोशर असतं." म्हणून.

ऑफिस आहे तसंच आहे. पेंटच्या दुकानावर दुसरा मजला, लिफ्ट बंद, भिंतीवर 'वी आर फॅमिली' आणि खाली जांभळ्या द्राक्षांचा घड. पर्पलबंच मीडिया! अश्विनला अजूनही 'सर' म्हटलेलं चालत नाही, 'दादा'च म्हणायचं. जाहिरातीची कुठलीही कॉपी बाहेर जाण्याआधी दुसऱ्याने वाचायची आणि खाली सही करायची, ही तुझी पद्धत तू गेल्यावर आठवड्यात बंद पडली. परवा एका डेंटिस्टच्या पोस्टवर द्राक्षांच्या फवारणीची कॅप्शन गेली. कुणी वाचलीच नव्हती. तुझा हिरवा पेन अजून तुझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तो ड्रॉवर आता मैनाचा आहे.

मैना नवीन आहे, तुझ्या जागेवर आलीय. तुझ्या हरसूलच्याच बाजूची, कुठल्यातरी पाड्यावरची. तिला त्र्यंबकला घराजवळ डीटीपीचं काम मिळत होतं, ते सोडून इकडे आली. का आली, ते नंतर सांगते.

त्या मतदानाबद्दल. राखी, माझा अंगठा चुकून लागला. घाईत होते, 'हो'च्या जागी 'नाही' दाबलं गेलं. एवढंच सांगायचं होतं.

तेजल


रविवार, १३ जुलै

राखी,

अंगठा चुकून लागला नव्हता.

पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच कळलं की मी परत तेच केलंय. पेटीत हात घालून बघितला, जात नाही. पोस्टातले काका आतून ओरडले, "ओ मॅडम, आत गेलेलं परत येत नसतं." म्हणून हे दुसरं.

सगळं नीट लिहिते, तुला माहीत असलेलंसुद्धा. मी ते लिहिल्याशिवाय माझं मलाच खरं वाटणार नाही.

१४ मे. तू ग्रुपवर लिहिलंस, शुक्रवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, एक दिवस सुट्टी हवी. अश्विनने नेहमीसारखा पोल टाकला. 'राखीला शुक्रवारी सुट्टी द्यायची का? हो / नाही.' खाली हसरा चेहरा. आणि नेहमीचा रूल, जो 'हो' म्हणेल त्यानेच तिचं काम उचलायचं. 'आपल्याकडे बॉस सुट्टी देत नाही, फॅमिली देते.' हे तो इंटरव्ह्यूला पण सांगतो आणि आपल्याला सगळ्यांना ते किती भारी वाटलं होतं आठवतंय? मी तर घरी जाऊन पप्पांना सांगितलं होतं, आमच्याकडे लोकशाही आहे. पप्पा अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनवर. ते म्हणाले, "सुट्टीला मतदान? आमच्याकडे कार्ड भरतात, सुपरवायझर सही करतो, झालं. आजारी पडायला पण निवडून यावं लागतं का तुमच्यात?" मी म्हटलं, पप्पा तुम्हाला स्टार्टअप कल्चर कळत नाही.

तर त्या दिवशी. तुझ्याकडे तो फार्महाऊस प्लॉटवाला क्लायंट होता, जो फोनवर शिव्या देतो. 'हो' म्हटलं तर तो माझ्याकडे येणार. शिवाय दुपारी अश्विन माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, "तेजल, पुढची टीम लीड मला तुझ्यात दिसते. फक्त तू जरा इमोशनल होतेस." आणि मला वाटलं, बाकीचे 'हो' म्हणतीलच ना. राखीला कोण नाही म्हणणार? मग माझ्या एका 'नाही'ने काय होतंय.

सगळ्यांना तसंच वाटलं असणार. सहा नाही, पाच हो.

आता जे कुणालाच माहीत नाही ते. सहा वाजेपर्यंत मत बदलता येत होतं. सहाला दहा कमी असताना मी फोन बघितला. सहा-पाच. माझं एक बोट. मी फोन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पाणी प्यायला गेले. पाणी प्यायला पाच मिनिटं लागत नाहीत राखी, मला वीस लागली.

आणि मावशींनी गेल्या रविवारी मला आणखी एक सांगितलं, ते मी पहिल्या पत्रात टाकलं नाही. त्या एकट्या गेल्या. ऑपरेशन झालं, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदूचं धुकं. नर्सने विचारलं, सोबत कोण? मावशी म्हणाल्या, "मुलगी येतेय, खाली आहे." खोटं बोलल्या. मग परत येताना रिक्षावाल्याने द्वारका चौकात अलीकडच्या बाजूला सोडलं आणि त्यांना रस्ता ओलांडता येईना. तासभर उभ्या होत्या.

"गाड्या दिसत नव्हत्या गं," म्हणाल्या, "नुसते आवाज दिसत होते." शेवटी लिंबं विकणाऱ्या एका बाईने आपली पाटी तशीच सोडून त्यांना पलीकडे नेलं. अनोळखी बाईने. पाटी सोडून.

आणि मी पाणी पीत होते.

तुझ्या आईने हे सांगताना मला आणखी पोहे वाढले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेजल


शनिवार, १९ जुलै

राखी,

तू उत्तर देणार नाहीस हे मी धरूनच चाललेय. तरी रोज खाली जाऊन लेटरबॉक्स बघते. त्यात फक्त लाइटबिल आणि पालीचं अंडं होतं.

आज सर्वांत वाईट गोष्ट लिहायची आहे. तीन पानं फाडली. चौथ्यावर डायरेक्ट लिहिते.

तू सोडून गेलीस त्यानंतर आठ दिवसांनी अश्विनने मला आत बोलावलं. नोकऱ्यांच्या साइटवर आपल्या कंपनीचे रिव्ह्यू खाली गेले होते. त्याने मला दहा लिहायला दिले. वेगवेगळ्या नावांची अकाउंट काढायची, कधी आजी कर्मचारी, कधी माजी. "तुझं इंग्लिश सगळ्यांत चांगलं," म्हणाला. मला काय झालं माहितेय? मला बरं वाटलं. मी कॉफी घेऊन बसले आणि एका दिवसात दहाच्या दहा लिहिले.

त्यातला एक तुझ्या नावावर आहे. नाव नाही टाकलं, पण 'माजी सीनियर कंटेंट रायटर, नाशिक' असं टाकलं आणि तसं एकच माणूस आजपर्यंत होऊन गेलंय. त्यात मी लिहिलं, मराठीत सांगायचं तर, "इथे सुट्टी हा कधीच प्रश्न नसतो. घरी काही अडचण आली तर अख्खी टीम तुमच्या पाठीशी उभी राहते."

हे मीच लिहिलं. तुझ्या तोंडात घातलं. त्या वेळी मला ते, कसं सांगू, छान वाक्य वाटलं होतं.

आता मैना इकडे का आली ते. परवा डबा खाताना मीच विचारलं, त्र्यंबकचं काम का सोडलंस? ती म्हणाली, "घरचं लय असतंय गं माझ्यामागं. बाबाला वाचता येत नाय, बहिणीचं नर्सिंगचं अ‍ॅडमिशन हाय. मला मधूनच जावं लागतंय. तर मी नेटवर वाचलं ना. इथं जुनी एक ताई होती, तिने लिवलंय, सुट्टीचा प्रश्नच नाय म्हणून. ती ताई कुठं असते आता? मला तिला थँक्यू म्हणायचंय."

माझ्या घशात भाकरी अडकली, खरंच अडकली. मैनाने पाठीवर थापट्या मारल्या.

येत्या शुक्रवारी, २५ तारखेला, तिच्या बहिणीच्या जात पडताळणीची तारीख आहे. इथे नाशिकलाच, पडताळणीच्या सरकारी ऑफिसात. बाबाला घेऊन कागद दाखवायचे. ती तारीख गेली तर अ‍ॅडमिशन गेलं. तिने अजून ग्रुपवर विचारलेलं नाही. तिला पोलचं माहीतच नाही.

तो रिव्ह्यू मी काढू शकते. अकाउंट माझं, पासवर्ड माझ्याकडे. एक बटण आहे. मी दोनदा तिथपर्यंत गेले आणि अश्विनला कळेल म्हणून परत आले. मला ही नोकरी जायला नकोय, हेही खरं आहे. काम मला आवडतं गं. तूच शिकवलंस. एका द्राक्षवाल्यासाठी तीन शब्दांची ओळ सापडायला आपण दोन दिवस बसलो होतो आणि सापडल्यावर तू टेबलावर उभी राहिली होतीस.

काय करू ते विचारत नाहीये. फक्त तुला माहीत असावं.

तेजल


शनिवार, २६ जुलै

राखी! राखी! राखी!

आधी शेवट सांगते. मैनाला सुट्टी मिळाली. अकरा-शून्य.

आता पहिल्यापासून.

सोमवारी मी मैनाला जिन्यात घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. पोल, रूल, तू, मावशी, आणि तो रिव्ह्यू. ती ऐकत होती आणि कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखाने काढत होती. मग म्हणाली, "म्हंजे ती ताईच नाय?"

"ताई आहे. तिने लिहिलेलं नाही. मी लिहिलंय."

"खोटं."

"हो."

मला वाटलं आता रडेल किंवा मला ढकलून देईल. ती म्हणाली, "मी त्र्यंबकचं काम सोडलं त्या दोन वळींसाठी. आता तूच लिवलंस ना? मग तूच खरं कर."

आणि वर निघून गेली. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे!

मी तिथेच पायरीवर बसले. आणि बसल्या बसल्या माझ्या डोक्यात जे आलं ते इतकं साधं होतं की मला स्वतःचीच लाज वाटली. मैनाचं शुक्रवारचं काम म्हणजे नऊ कॅप्शन. आपण मत देणारे अकरा. सगळ्यांनीच 'हो' म्हटलं तर माणशी एक कॅप्शनसुद्धा येत नाही, दोघांना तर काहीच येत नाही. राखी, दोन वर्षं आपण त्या रूलला घाबरत होतो आणि एकानेही भागाकार केला नाही! कारण प्रत्येक जण गृहीत धरायचा की 'हो' म्हणणारे आपण एकटेच असणार.

मग मी टेबलाटेबलाशी गेले. ग्रुपवर नाही, तोंडाने. नवनाथ आठवतो ना, आपला डिझायनर, कानात हेडफोन, वर्षभरात चार वाक्यं बोललेला? त्याच्याकडे आधी गेले, कारण तो नाही म्हणाला तरी कमी शब्दांत म्हणेल.

मी म्हटलं, "नवनाथ, एक कॅप्शन लिहिशील?"

"मी चित्रवाला आहे."

"फालुद्याच्या दुकानाची आहे. दोन ओळी."

त्याने हेडफोन काढले. दोन्ही कानांतले! म्हणाला, "मे महिन्यात मी राखीला हो म्हटलं होतं. तुझं मत मी बघितलंय."

माझी मान खाली. मी म्हटलं, "मी पण बघते. रोज बघते."

त्याने नवीन फाइल उघडली आणि म्हणाला, "फालुदा दे मग."

एका रिल्सवाल्या मुलीने तर मलाच सुनावलं, "अगोबाई, टीम लीड मॅडम मतं मागायला आल्या. साडी वाटणार का?" मी ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दे एक. पण सोपी दे."

गुरुवारी मैनाने ग्रुपवर विचारलं. अश्विनने पोल टाकला, हसरा चेहरा टाकला आणि वर मेसेज, "फ्रायडेला मी पण नाहीये गाइज, गोवा, मित्राचा बर्थडे. सो विचार करून व्होट करा." म्हणजे कळलं ना, 'नाही'च दाबा.

पहिलं मत माझं. हो. या वेळी अंगठा चुकला नाही. मग नवनाथचं. मग दोन मिनिटं काहीच नाही, आणि मला वाटलं, संपलं. मग टिंग. टिंग. टिंग टिंग. अकरा! मैना उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

आणि हे ऐक. कुणी काही बोलायच्या आत ग्रुपवर आणखी एक पोल आला. नवनाथकडून. 'अश्विनदादाला शुक्रवारी गोव्याला जाऊ द्यायचं का? हो / नाही. जो हो म्हणेल त्याने दादाचं काम उचलायचं.' खाली हसरा चेहरा.

राखी, मी टेबलाखाली गेले. खरंच खाली गेले, हसू दाबायला. अश्विन केबिनमधून बाहेर आला. हसत होता, पण कान लाल. "गुड वन, नवनाथ. व्हेरी फनी." नवनाथने परत हेडफोन घातले. तोपर्यंत सात 'नाही' पडले होते. अश्विनने तो पोल डिलीट केला. डिलीट केल्याचं सगळ्यांना दिसतं ना.

तो गेला गोव्याला. पण आता परत पोल टाकताना दहादा विचार करेल.

काल मैनाच्या बाबांचे कागद पास झाले. आज तिने तिळाची चटणी आणलीय. माझ्या हातात बाटली दिली आणि म्हणाली, "थोडं खरं झालं. अजून हाय बाकी."

माहीत आहे मला, काय बाकी आहे.

तेजल


रविवार, १७ ऑगस्ट

राखी,

काढले. दहाच्या दहा. पंधरा ऑगस्टला सुट्टी होती, घरी बसून एकेक उघडला आणि काढला. तुझा सर्वांत शेवटी. काढण्याआधी एकदा मोठ्याने वाचला, तू शिकवल्यासारखा. पप्पा बाजूला पेपर वाचत होते. म्हणाले, "इंग्रजी फार छान आहे. कुणाचं लग्न ठरतंय?"

मग सगळं त्यांना सांगितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. ते ओरडले नाहीत. इतकंच म्हणाले, "काढलंस ते बरं केलंस. पण पाटी कोरी करून कसं चालेल? पुढची एखादी मैना मग काय वाचेल?"

म्हणून मी एक नवीन लिहिलाय. स्वतःच्या नावाने, मराठीत. अजून टाकला नाही. खाली कॉपी करतेय. दुसऱ्याने वाचल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा तुझा रूल. ऑफिसातल्या कुणालाही दाखवू शकते, पण ज्याच्याबद्दल आहे त्याने वाचायला हवं ना. तू नको म्हणालीस तर नाही टाकणार. काहीच नाही म्हणालीस तर... तेही नको असंच समजेन.

सोबत परतीचं पाकीट ठेवतेय, तिकीट लावून. बरोबर कोपऱ्यात.

'मी पर्पलबंच मीडिया, नाशिक इथे दोन वर्षं काम करते. ही कंपनी अतिशय वाईट आहे. इथे सुट्टी हवी असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर मतदान होतं आणि जो हो म्हणेल त्याला तुमचं काम करावं लागतं. त्यामुळे लोक नाही म्हणतात. मे महिन्यात माझ्या एका सहकारी मैत्रिणीला आईच्या ऑपरेशनसाठी एक दिवस सुट्टी मिळाली नाही. सहा विरुद्ध पाच. सहापैकी एक मत माझं होतं. तिने नोकरी सोडली. त्यानंतर कंपनीच्या सांगण्यावरून मी इथे दहा खोटे रिव्ह्यू लिहिले, ते आता काढले आहेत. जुलैनंतर मतदान झालेलं नाही. काम मात्र इथे खूप शिकायला मिळतं, कारण शिकवणारी माणसं चांगली आहेत. मी एक भित्री आणि स्वार्थी मुलगी आहे. मी माझ्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीला फसवलं. मला माफी मागायचा पण हक्क नाही. तेजल.'

बस.

तेजल


गुरुवार, ४ सप्टेंबर

राखी,

सोमवारी खाली गेले तर लेटरबॉक्समध्ये माझ्याच अक्षरातलं पाकीट. जिन्यातच फोडलं. आमच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "निकाल का गं?" मी म्हटलं, हो.

माझाच कागद परत आलेला, हिरव्या पेनने भरलेला. नवीन पेन घेतलास ना? रंग जरा गडद आहे.

'अतिशय वाईट आहे' वर काट. बाजूला, 'काय झालं ते लिही. वाईट की काय ते वाचणारा ठरवेल.' 'खूप' वर काट. 'शिकवणारी माणसं चांगली आहेत' खाली रेघ आणि 'हे ठेव.' आणि शेवटच्या तीन वाक्यांवर, भित्री, स्वार्थी, फसवलं, हक्क, या सगळ्यावर एकच मोठी तिरकी रेघ, आणि समासात:

'हे मला सांग. त्यांना नको.'

मग उजव्या कोपऱ्यात तळाशी, जिथे नेहमी असायचं तिथेच: 'रा.'

मी ते किती वेळा बघितलं ते सांगणार नाही. आईने तीनदा जेवायला बोलावलं.

मंगळवारी टाकला, तू केलास तसाच. बुधवारी अश्विनने आत बोलावलं. वकील, बदनामी, फॅमिली, सगळं झालं. शेवटी म्हणाला, "तेजल, यू हर्ट मी." मी म्हटलं, "दादा, त्यात एक जरी वाक्य खोटं असेल तर दाखवा, मी आत्ता काढते." त्याने रिव्ह्यू स्क्रीनवर उघडला. मला वाटतं त्याने तो पहिल्यांदाच नीट वाचला. मग इतकंच म्हणाला, "जा, काम कर." पुढे काय होईल माहीत नाही. काढून टाकेल कदाचित. पप्पा म्हणतात, अंबडला त्यांच्या कंपनीत कॅटलॉग लिहायला माणूस हवाय, स्क्रूचं वर्णन करशील का? करीन म्हटलं. स्क्रूला सुट्टी नको असते.

आता तुझा तो निरोप. पाकिटाच्या आत, फ्लॅपवर, इतकं बारीक की मी जवळजवळ फेकूनच देणार होते:

'आईच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख ११ सप्टेंबर. शाळेत परीक्षा आहे, मला दुपारपर्यंत निघता येणार नाही. तुला सुट्टी मिळते का बघ.'

राखी, आज सकाळी मी ग्रुपवर लिहिलं. विचारलं नाही, लिहिलं. 'गुरुवारी ११ तारखेला मी येणार नाही. राखीच्या आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मी सोबत जातेय. माझी सहा कामं आहेत.'

आणि फोन ड्रॉवरमध्ये ठेवला नाही. हातात धरून बसले.

मैना: 'दोन माझी.' रिल्सवाली: 'एक. सोपी.' नवनाथ: 'डेंटिस्ट मी.' पाच मिनिटांत सहाच्या सहा गेली. मग आणखी दोघांनी विचारलं, काही उरलंय का? मैनाने लिहिलं, 'नाय उरलं, लेट आलात.' अश्विनने बघितलंय, त्याच्या नावापुढे दिसतंय. अजून काही लिहिलेलं नाही. थोड्या वेळाने फक्त एक अंगठा आला. त्याचाच. मैना म्हणते चुकून लागला असेल. मी म्हटलं, अंगठे चुकून लागत नसतात.

तर प्लॅन असा. सकाळी आठला मी मावशींना घ्यायला घरी जाणार. त्यांना मी फोन केला, त्या म्हणाल्या, पोहे करून ठेवते. मी म्हटलं, ऑपरेशनच्या दिवशी पेशंट पोहे करत नाही. म्हणाल्या, "तू पेशंट आहेस का? तुझ्यासाठी." नर्सने विचारलं, सोबत कोण, तर या वेळी खाली कुणी नसेल, मी वरच असेन. काळा चष्मा, औषधाचा कागद, पाण्याची बाटली, सगळी यादी केलीय.

परत येताना रिक्षावाला द्वारकेला अलीकडेच सोडेल, ते सोडतातच. मी त्या लिंबूवाल्या बाईंना शोधणार आहे. काल जाऊन बघून आले, दोघी बसतात तिथे, त्यातली कुठली ते आवाजावरून ओळखीन, असं मावशी म्हणाल्या.

तू हरसूलच्या गाडीने ये आणि स्टँडवरून तिथे येऊन पलीकडच्या बाजूला उभी राहा. चार वाजता. मी मावशींचा हात धरून अलीकडून निघेन. तू तिकडून ओरड, म्हणजे त्यांना कुठल्या आवाजाकडे चालायचं ते कळेल.

आणि ते तीन वाक्यांचं, जे मला सांग म्हणालीस, ते रस्ता ओलांडल्यावर सांगते.

तेजल